बर्नहून निपाणीच्या हमरस्त्यावर

मराठी अर्थतज्ज्ञांचा आढावा म्हटला की नावं ठरलेली असतात. धनंजयराव गाडगीळ गोखले संस्थेतून नियोजन आयोगात गेले, दांडेकरांनी रथांच्या साथीनं 1971 मध्ये दारिद्र्य मोजून दाखवलं, विजय केळकर जिनिव्हात आणि पुढे नाणेनिधीत पोचले. त्यांच्यावर उदंड लिहून झालं आहे. या मालिकेत शरद जोशींचं नाव नसतं, आणि माझं जुनं भांडण तेच आहे. पीएच.डी. नाही, म्हणून त्यांना 'शेतकरी नेता' म्हणून बाजूला सारणारे प्राध्यापक मला या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातही भेटत आले.

1935 साली साताऱ्यात जन्म, सिडनहॅममधलं शिक्षण, कोल्हापुरात थोडा काळ अर्थशास्त्राची प्राध्यापकी, मग भारतीय टपाल सेवा. 1968 पासून बर्नला, संयुक्त राष्ट्रांशी संलग्न जागतिक टपाल संघात. गरीब देशांना मिळणारी मदत गरिबांच्या दारापर्यंत जात नाही, ही खात्री त्यांना तिथं पटली. 1977 मध्ये नोकरी सोडून चाकणजवळ अंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि पिकाचा उत्पादनखर्च पैशापैशानं वह्यांत मांडला. शेती तोट्यात जाते ती शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे नव्हे, धोरणामुळे, हा त्यांचा सिद्धांत त्या वह्यांतून निघाला.

जोशींच्या चाकणमधल्या कांदा आंदोलनावर सगळे लिहितात. माझ्या मते या सिद्धांताची खरी कसोटी लागली कर्नाटकातल्या निपाणीत. कांद्याला निदान सरकारी खरेदीचा दरवाजा ठोठावता येत होता. बिडीच्या तंबाखूला तोही नव्हता. 1975 च्या कायद्यानं झालेलं तंबाखू मंडळ व्हर्जिनियापुरतं, आधारभूत किंमत नाही, उघडा लिलाव नाही. व्यापारी पान हातात घेई, वास घेई, दर सांगे. पैसे मिळायचे हप्त्याहप्त्यानं. माल घरात पडून राहिला तर प्रत उतरणार, मग शेतकरी अडून बसणार तरी कसा?

मार्च 1981 मध्ये जोशींच्या हाकेवर हजारो शेतकरी पुणे-बंगळूर हमरस्त्यावर येऊन बसले. रस्त्यावरच आंदोलननगर उभं राहिलं. भाषेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं धुमसणारा हा मुलूख. पण तिथं मराठी आणि कन्नड शेतकरी एकाच चुलीवरची भाकरी खात होते, कारण दोघांची पट्टी, म्हणजे मालविक्रीची पावती, सारखीच तोट्याची होती. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. बारा शेतकरी गेले. त्या वेळी कर्नाटकात गुंडूराव यांचं सरकार होतं.

ही बड्या बागायतदारांची चळवळ होती, असं अजूनही छापून येतं. तसं लिहिणाऱ्यांनी निपाणीच्या वखारी पाहिलेल्या नाहीत. त्याच काळात प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकारानं वखारीतल्या तंबाखू कामगार बायका संघटित होत होत्या. युगांतर गटानं 1982 मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला, छाया दातारांनी पुस्तक लिहिलं. शेतकऱ्याचा भाव आणि कामगार बाईची मजुरी एकाच गल्ल्यातून दाबली जाते, हे अर्थशास्त्र या गावानं वर्गाबाहेर शिकवलं. 1986 च्या चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाकडे जाणारी एक वाट मला इथूनच निघालेली दिसते.

पुढचं थोडक्यात. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावावरून कर्नाटकातले शेतकरी नेते नंजुंडस्वामी यांच्याशी जोशींचा उघड मतभेद झाला. नंजुंडस्वामींना परकीय कंपन्यांची धास्ती, जोशींना देशी सरकारच्या बंधनांची. आपल्याकडे शेतीला मिळते ती उणे सबसिडी, म्हणजे मदत नव्हे तर वजावट, हे जोशींनी आकडेवारीनिशी मांडलं. 2004 ते 2010 राज्यसभेत होते. 12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात गेले.

आज निपाणीच्या शिवारात ऊस वाढला, तंबाखू मागे हटला. उसाच्या दराचं आंदोलन दर हंगामात होतं, पण उत्पादनखर्चाची वही कुणी उघडत नाही. नेते आकडा आधी ठरवतात आणि हिशेब मागाहून जुळवतात. अर्थशास्त्राचे विद्यार्थी परदेशी पुस्तकांतले तक्ते पाठ करतात आणि स्वतःच्या आजोबांची पट्टी त्यांना वाचता येत नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून निपाणीच्या तंबाखू व्यवहाराची कागदपत्रं गोळा करावीत. आणि वाचकहो, तुमच्या घरच्या माळ्यावर 1981 च्या आगेमागे मिळालेल्या तंबाखूच्या पट्ट्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका.