सोयरीक शहरांची – भाग ७ : एक बाग, तीन शहरं

१९५६ साली चीनहून जपानमधल्या ओकायामा शहरात दोन क्रौंच पक्षी आले. पांढरेशुभ्र, माथ्यावर लाल टिळा असलेले. पाठवणारे होते गुओ मोरुओ, चीनमधले नामवंत लेखक आणि तिथल्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष. विशीत असताना ते ओकायामाच्या विद्यालयात शिकले होते. १९५५ मध्ये एका शिष्टमंडळाबरोबर ते पुन्हा तिथे गेले, तेव्हा शहराचा काळा किल्ला जागेवर नव्हता आणि किल्ल्यासमोरच्या कोराकुएन बागेतले क्रौंचही उरले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी क्रौंचांची जोडी धाडली. चीन आणि जपान यांच्यात तेव्हा राजनैतिक संबंध नव्हते. ते जुळायला १९७२ उजाडावं लागलं. दोन सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, त्या काळात एका जुन्या विद्यार्थ्यानं आपल्या शिक्षणाच्या गावाला पक्षी पाठवले आणि गावानं ते प्रेमानं सांभाळले.

गेल्या आठवड्यात आपण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री आणि रशियातल्या स्टालिनग्राडची गोष्ट पाहिली. कॉव्हेंट्रीच्या आठशेहून अधिक बायकांनी आपापली नावं एका टेबलावरच्या चादरीवर भरतकामानं उमटवली आणि ती चादर स्टालिनग्राडला पाठवली. १९४४ मध्ये त्या दोन शहरांचं नातं जाहीर झालं. तिथे कापड होतं, आज बाग आहे. ही एकच बाग तीन देशांत रुजली आहे आणि त्यातलं तिसरं ठिकाण पुण्यात, सिंहगड रस्त्यावर आहे.

कोराकुएनची आखणी १६८७ मध्ये सुरू झाली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. इकेदा त्सुनामासा या सरदारानं ती करवून घेतली. आसाही नदीच्या एका काठावर किल्ला, दुसऱ्या काठावर बाग. जपानमधल्या तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते, पण तिचा तोंडवळा इतर दोघींहून वेगळा आहे. मध्ये मोठं तळं आहे, त्याच्याभोवती पसरलेली हिरवळ आहे आणि बागेच्या आतच भाताची खाचरं आणि चहाचा मळाही आहे. सरदाराच्या विसाव्याच्या जागेतही शेती डोळ्यांसमोर राहील अशी ही रचना. कोराकुएन हे नाव मागाहून, एकोणिसाव्या शतकात मिळालं. राज्यकर्त्यानं चिंता प्रजेच्या आधी करावी आणि सुख प्रजेच्या नंतर घ्यावं, असा एक जुना चिनी विचार आहे. ‘नंतर सुख घेण्याची बाग’ हा या नावाचा अर्थ त्यातूनच आला. १८८४ मध्ये ही बाग सर्वांसाठी खुली झाली.

२९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकी विमानांनी ओकायामावर आगीचे बाँब टाकले. सतराशेहून अधिक माणसं गेली, शहराचा मोठा भाग जळाला, किल्ल्याचा बुरूज भस्म झाला आणि बागेतल्या वास्तूही होरपळल्या. बाग पुन्हा उभी राहिली ती जुन्या चित्रांच्या आणि आराखड्यांच्या आधारानं. कुठे कोणता दगड होता, पाण्याचा पाट कसा वळत होता, हे जुन्या काळातल्या कलावंतांनी काढून ठेवलं होतं. बुरूज मात्र १९६६ मध्ये नव्यानं बांधावा लागला.

याच ओकायामानं बाँब पडल्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, १९५७ मध्ये, एका अमेरिकी शहराशी नातं जोडलं. ते शहर कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. या एका ओळीशी मी बराच वेळ थांबतो. ओकायामात कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी गेलेलं होतं. सॅन होजेतही जखम ओली होती. १९४२ मध्ये अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरादारावरून उठवून छावण्यांत कोंडलं होतं आणि त्यांत सॅन होजेची कुटुंबंही होती. लढाईनंतर ती परतली आणि त्यांची वस्ती पुन्हा नांदती झाली. आज अमेरिकेत जुन्या जपानी वस्त्या तीनच उरल्या आहेत, त्यांतली एक सॅन होजेतली.

या नात्याला वरून आलेलं निमित्तही होतं. सप्टेंबर १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाऊसमध्ये परिषद भरवली आणि देशादेशांतल्या सामान्य माणसांनी एकमेकांना थेट ओळखावं, हा विचार मांडला. अमेरिकेतल्या भगिनी शहरांच्या चळवळीला बळ आलं ते तिथून. त्याआधीच, ७ डिसेंबर १९५५ रोजी, अमेरिकेतलं सेंट पॉल आणि जपानमधलं नागासाकी यांचं नातं जुळलं होतं. ७ डिसेंबर हा पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा दिवस.

त्या काळातलं सॅन होजे म्हणजे संगणकाची राजधानी नव्हे. जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांनी भरलेलं ते एक खोरं होतं. ओकायामाही फळांचाच मुलूख, तिथली पांढरी पीच आणि द्राक्षं जपानभर नावाजलेली. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारो या पोराची लोककथा ओकायामा आपलीच मानतं आणि तिथल्या मुख्य रस्त्याला त्याचंच नाव आहे. दोन्हीकडे माणसांना झाडांची भाषा येत होती. म्हणून सॅन होजेनं पुतळा किंवा कमान न उभारता बाग केली, याचं मला नवल वाटत नाही. केली पार्कमध्ये सहा एकरांवर कोराकुएनच्या धर्तीवर आखलेली जपानी मैत्री बाग १९६५ मध्ये खुली झाली आणि ओकायामानं तिच्या तळ्यांसाठी कोई मासे पाठवले. फेब्रुवारी २०१७ मध्ये शेजारचा कायोटी ओढा फुगून पाणी बागेत शिरलं, बांधकामाची नासधूस झाली. दुरुस्तीला वर्षं लागली, पण कोणीही ‘सोडून द्या’ म्हटलं नाही.

इथे नावाविषयी थोडं बोलायला हवं. युरोपात अशा शहरांना जुळी म्हणतात. आपल्याकडे जुळी शहरं म्हटलं की हैदराबाद–सिकंदराबाद डोळ्यांसमोर येतात, म्हणून तो शब्द आपल्या कामाचा नाही. अमेरिका आणि जपान बहीण म्हणतात. चिनी भाषेत मात्र बहिणी म्हटलं की एक थोरली आणि एक धाकटी, हे त्या शब्दातच येतं. १९७३ मध्ये कोबे आणि तियानजिन यांचं नातं ठरताना पंतप्रधान चौ एन लाय यांनी याच कारणानं ‘बहीण’ शब्द नाकारून ‘मैत्री शहर’ म्हणायला सांगितलं, असं सांगतात. तेव्हापासून चीनमध्ये तोच शब्द चालतो. मराठीत आपण ‘भगिनी शहर’ हा शब्द उचलला आहे खरा, पण त्याहून नेमका शब्द आपल्या घरांत आधीपासून आहे: मानलेली बहीण. रक्ताचं नातं नाही, पण एकदा मानलं की भाऊबिजेला जावं लागतं आणि तिच्या अडचणीला उभं राहावं लागतं. मानणं सोपं असतं, पुढचं पाळणं वर्षानुवर्षांचं. शहरांच्या नात्याचंही असंच आहे.

आता पुणे. सॅन होजे आणि पुणे १९९२ मध्ये भगिनी शहरं झाली. ओकायामाशी पुण्याचा मैत्री करार २००६ मधला. म्हणजे या दोन्ही शहरांशी पुण्याचं नातं आहे आणि ती दोघं तर १९५७ पासून एकमेकींच्या बहिणी आहेत. नात्यांचा हा त्रिकोण पुण्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. पर्वतीच्या परिसरात दहा एकरांवर कोराकुएनच्या प्रेरणेनं पुणे–ओकायामा मैत्री उद्यान झालं. कालव्याचं पाणी गाळून बागेत खेळवलं आहे, त्यावर छोटे पूल आहेत, चढउतारांची हिरवळ आहे आणि वाट अशी वळवली आहे की बाग एकदम दिसत नाही, उलगडत जाते. या बागेला पु. ल. देशपांडे यांचं नाव दिलं आहे. पुलंनी ‘पूर्वरंग’मध्ये जपानबद्दल आस्थेनं लिहिलं, म्हणून हे नाव इथे शोभतं.

मी तिथे बऱ्याचदा जातो. हिरवळीवर पाय पडला की रखवालदाराची शिट्टी वाजते आणि लोक कुरकुरतात. मला ती शिट्टी आवडते. जपानी बागेचा जीवच निगराणीत असतो. झाडाची फांदी कुठे छाटायची, शेवाळ कुठे राहू द्यायचं, हे रोज ठरवावं लागतं. चार महिने हात फिरला नाही तर ती बाग जपानी उरत नाही, नुसती बाग होते.

नेमकं हेच शहरांच्या नात्याचं आहे आणि आपलं दुखणंही इथेच आहे. भगिनी शहर होण्याची रीत साधी आहे. महापालिकेचा ठराव होतो, भारतात परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते, दोन महापौर सह्या करतात. मग शिष्टमंडळ जातं, शाल-श्रीफळ होतं, झाड लावलं जातं. त्यानंतर काम कोणी करायचं? ओकायामाशी नातं सांभाळण्यासाठी सॅन होजेत नागरिकांचं एक मंडळ आहे, ‘पॅसिफिक नेबर्स’ नावाचं. महापौर बदलले तरी मंडळ तसंच राहतं, विद्यार्थी येतात-जातात, एकमेकांच्या घरी राहतात, पत्रं चालू राहतात. आपल्याकडे सही करतात महापौर, ज्यांची मुदत अडीच वर्षांची. कामाचे अधिकार असतात आयुक्तांकडे, त्यांची बदली केव्हाही होऊ शकते. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात ओकायामाच्या महापौरांनी पत्र लिहिलं असतं, तर आपल्या बाजूला महापौरच नव्हते. दोष कुणा एका माणसाचा नाही. नातं ठेवायला आपण घरच ठेवलं नाही.

सरकारी सहीवर टांगलेलं नातं किती सहज तुटतं, याचं उदाहरण जपानमध्येच आहे. ओसाका आणि सॅन फ्रान्सिस्को हेही १९५७ चेच सोयरे. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचं स्मारक उभं राहिलं. ओसाकाच्या महापौरांनी आक्षेप घेतला आणि २०१८ मध्ये साठ वर्षांचं नातं तोडलं. माझ्या मते चूक ओसाकाची होती. बहिणीनं आपल्या घराण्याची कटू गोष्ट ऐकवली म्हणून तिच्याकडे जाणं बंद करायचं नसतं.

पुण्याच्या नात्याचीही कसोटी लागली. पुण्यानं सॅन होजेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा भेट दिला होता आणि तो ग्वादालुपे नदीकाठच्या उद्यानात उभा होता. २०२३ च्या सुरुवातीला चोरांनी तो चौथऱ्यावरून कापून नेला. तो नाहीसा झाल्याचं कळताच तिथली मराठी मंडळी कळवळली, पोलीस शोधाला लागले आणि पुतळा एका भंगाराच्या आवारात सापडला. धातूच्या भावासाठी तो कापला गेला असेल, पण त्या काही दिवसांत सॅन होजेतल्या कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या शहराला पुणे नावाची बहीण आहे. वर्षभरानं, २०२४ मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन त्याच शहरात भरलं. तिथे मराठी माणसांची कमी नाही. कमी आहे ती या माणसांना आणि पुण्याला एका कामाला बांधणाऱ्या दोरीची.

ती दोरी म्हणून मला बागच सुचते. सॅन होजेच्या बागेत झाडांची निगा राखणारे हात आहेत, ओकायामात तर पिढ्यानपिढ्यांचे माळी आहेत. पुण्याच्या बागेतल्या दोन-तीन माळ्यांना दर वर्षी महिनाभर ओकायामाला पाठवावं, तिथल्या एखाद्या माळ्यानं पुण्यात येऊन आपल्या मोसमी पावसात ती छाटणी कशी बदलावी ते पाहावं. खर्च एका शिष्टमंडळापेक्षा कमी येईल. त्यासाठी नागरिकांचं एक मंडळ हवं, जपानी शिकणारी मुलं पुण्यात आहेतच, निवृत्त बागायतदार आणि वनस्पतीशास्त्राचे शिक्षकही आहेत. महापालिकेनं फक्त मंडळाला मान्यता द्यावी, एक खोली द्यावी आणि बागेचा दरवाजा उघडावा.

वाचकांपैकी ज्यांनी ओकायामा किंवा सॅन होजेच्या एखाद्या विद्यार्थ्याला घरी ठेवून घेतलं असेल, किंवा ज्यांची मुलं तिकडच्या घरांत राहून आली असतील, त्यांनी तो अनुभव जरूर लिहून पाठवावा. पुढच्या आठवड्यात मुंबई आणि योकोहामा. १९२३ च्या भूकंपात योकोहामाकरांनी केलेल्या मदतीची आठवण म्हणून भारतीय व्यापाऱ्यांनी यामाशिता पार्कमध्ये पाण्याचं एक स्मारक बांधलं, तिथून सुरुवात करू.