अटी कोण लिहितं?

टेंडरची बातमी दिसली की आपण बायका पान उलटतो. ते ठेकेदारांचं, पुरुषांचं काम, अशी आपली पक्की समजूत. पण मैत्रिणींनो, अंगणवाडीतून लहानग्या बाळासाठी किंवा गरोदर सुनेसाठी घरी येणारी शिऱ्या-उपम्याची तयार पाकिटं टेंडरमधूनच आली. आमच्या गोंदिया जिल्ह्यात, देवरी-सालेकशाकडच्या टोल्यांवर असं पाकीट म्हशीच्या घमेल्यात रिकामं होताना मी पाहिलंय. पोरगं खातच नाही, तर आई तरी काय करणार?

खरं तर ७ ऑक्टोबर २००४ लाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नकोत. शक्यतो गावच्या लोकांकडून, बचत गटांकडून, महिला मंडळांकडून धान्य खरेदी करून घ्यावं, शिजवून घ्यावं. पुढे आपल्या राज्यात घरी न्यायच्या आहाराचं मोठं काम तीन महिला संस्थांना मिळालं. कागदावर सगळं बरोबर, महिलाच की! पण पाटी महिलांची आणि कारखाना खासगी कंपनीचा, असा ठपका न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांनी २०१२ साली ठेवला.

मग मार्च २०१६ मध्ये नवं टेंडर निघालं. रक्कम सुमारे ६,३०० कोटी. राज्यभरातले शेकडो अंगणवाडी प्रकल्प एकत्र बांधून त्यांचे ७० विभाग केले, वर मोठ्या उलाढालीची अट घातली. बचत गटांना अर्ज करायला मनाई नव्हती. पण हे मी आमच्या एका गटात सांगितलं, तेव्हा एक बाई पटकन म्हणाली, "आमची उलाढाल म्हंजे पापड-कुरोड्यांचा हिसाब. कोटी कोठून आनाचे जी?"

एवढ्या एका वाक्यात टेंडरची सारी गोम आली. आता टेंडर संगणकावर भरतात, लिफाफा मागच्या दाराने फोडण्याचे प्रकार त्याने कमी होतात, हे चांगलंच. पण अन्याय व्हायचा तो बहुतेक वेळा दर उघडण्याच्या आधीच, अटी लिहिताना होऊन गेलेला असतो. आधी दाराची उंची ठरवायची आणि मग म्हणायचं, दार तर सगळ्यांना उघडं आहे!

वैष्णोराणी महिला बचत गट आणि त्यांच्यासारखे इतर न्यायालयात गेले. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते टेंडर रद्द केलं. लहान बचत गट बाहेर राहावेत आणि मोठ्यांचं फावावं, अशा त्या अटी आहेत, असं न्यायालयाने म्हटलं. चार आठवड्यांत नवं टेंडर काढा, असा आदेशही दिला. म्हणजे २००४ साली सांगितलेलं पुन्हा सांगायला चौदा वर्षांहून जास्त काळ लागला. त्या काळात जन्मलेली पोरं एव्हाना शाळेत पोचली होती.

सरकारचं म्हणणं अगदीच खोटं, असंही मी म्हणणार नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाणारं पीठ स्वच्छच हवं, त्यात जीवनसत्त्वं मोजूनच पडायला हवीत. चुलीवर भाजून ते नेहमी जमेलच असं नाही. तपासणी कडक करा, प्रशिक्षण द्या, चार गटांना मिळून एक यंत्र द्या. पण बँकेत कोटी असले म्हणजे हात स्वच्छ असतात, हे मला पटत नाही.

अंगणवाडीचा आहार असो की नगरपालिकेचं कचरा उचलण्याचं काम, माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्याकडे आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. फक्त "काम कोणाला दिलं?" एवढंच विचारू नका. अटी-शर्तींची प्रत मागा. किती जणांनी भरलं, कोण कशामुळे बाद झालं आणि दरांचा तुलनात्मक तक्ता, तेही मागा. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.