किराणा दुकानाची दुनिया : वजनाच्या पोटातलं शिसं

  दहिवडीच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : सासऱ्यांचं दुकान बंद झालं, माळ्यावरून जुनी लोखंडी वजनं निघाली, प्रत्येकाच्या बुडाला खाच आहे आणि खाचेत शिसं भरलंय, ते कशासाठी? प्रश्न इतका नेमका आहे की त्याला अख्खा लेख दिलाच पाहिजे.

ओतीव लोखंड साच्यातून बरोब्बर किलोभर कधीच उतरत नाही. म्हणून वजन मुद्दाम थोडं हलकं ओततात, खाच ठेवतात आणि तिच्यात शिसं भरत भरत ते नेमकं जुळवतात. शिशाचं दुसरं काम शिक्क्याचं. शिसं मऊ, त्यामुळे वैधमापन खात्याच्या निरीक्षकाचा ठसा त्यावर हातोडीच्या ठोक्यानं स्वच्छ उमटतो. कुणी शिसं खरवडायला गेलं, तर आधी ठसा बिघडतो. शिसं हाच त्या वजनाचा जामीन.

पण वजन झिजतं. रोज पारड्यात आदळून कडा बोथट होतात, गंजाच्या खपल्या पडतात, एखादे वेळी शिसंच निसटतं. मग दुकानदाराची नियत कितीही साफ असो, गिऱ्हाइकाच्या पिशवीत दर खेपेला कमी माल पडतो. म्हणून लोखंडी वजनांची फेरतपासणी दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी करून घ्यावी लागते.

आमच्या म्हसवडच्या पेठेत जुने दुकानदार दुकान उघडलं की झाडलोट, देवाला उदबत्ती आणि लगेच तराजू बघायचे. आधी रिकामी पारडी. एक बाजू झुकली तर हलक्या पारड्याखाली पासंग बांधायचा. पण दांडीच्या दोन बाजू लहानमोठ्या असतील, तर रिकाम्या पारड्यांवरून ते कळत नाही. त्यासाठी माल एकदा डाव्या पारड्यात तोलायचा, मग माल आणि वजन यांची अदलाबदल करायची. दोन्ही खेपेला काटा मध्ये उभा राहिला, तर दांडी खरी. गुळासाठी कागद घेतला, तर तेवढाच कागद वजनाच्या पारड्यातही टाकायचा. बाजारच्या दिवशी मेंढरं घेऊन उतरलेला धनगरसुद्धा हे बारकाईनं बघायचा आणि म्हणायचा, "अण्णा, कागद दोन्हीकडं ठेवा."

खरी गोम छोट्या वजनांत असते. सरकी पेंडीच्या पोत्यात दहा ग्रॅम इकडचे तिकडे झाले, तर कुणाचं काही जात नाही. पन्नास ग्रॅम जिऱ्यात तेच दहा ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा. मोलमजुरी करणारी बाई रोज संध्याकाळी थोडं जिरं, थोडी हळद नेते. तिचा माल सगळ्यात बारीक वजनांनी तोलला जातो. तेव्हा तपासणी आधी त्या वजनांची व्हावी, असं माझं ठाम मत आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडात सिद्धनाथाचा रथ निघतो, खोबऱ्याला आणि गुलालाला रीघ लागते, तेव्हा घाईत नेमकी हीच वजनं गल्ल्यामागं हरवतात.

वजनं बदलली तेव्हाची पंचाईत वेगळीच. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. तेव्हा किलो म्हणजे एक शेर, वर एक छटाक आणि पाऊण तोळा! आण्यांचा भाव पैशांत आणि शेराचा भाव किलोत, असा दुहेरी हिशेब तोंडी करत त्या पिढीनं गिऱ्हाईक सांभाळलं. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

तर ताई, ती वजनं भंगारात घालू नका. चिंचेनं किंवा वाळूनंही घासू नका, ठसा जाईल. कोरड्या फडक्यानं पुसा आणि शिशावर भिंग धरा. ठसा शाबूत असेल, तर वर्षाचे शेवटचे दोन आकडे दिसतील आणि तिमाहीचं ए, बी, सी किंवा डी असं अक्षर. सासऱ्यांनी वजनं शेवटची कधी तपासून घेतली, ते त्यावरून कळेल. बाकीच्या वाचकांनी आपल्या वाण्याच्या दुकानात तपासणीचा दाखला दर्शनी भागात लावलाय का, ते बघावं. नसेल तर विचारावं. खरा दुकानदार त्या प्रश्नानं रागावत नाही.