रोल धुताना नेमकं काय घडतं?

कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. शटर उघडलं की प्रकाश पडलेल्या स्फटिकांत चांदीचे मोजकेच अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चित्राची नोंद झालेली असते. डेव्हलपर हे द्रावण नेमके हेच स्फटिक हेरून त्यांची काळी चांदी करतं. म्हणून निगेटिव्हवर उजळ आकाश काळं आणि सावली पारदर्शक दिसते. सौम्य आम्लाचा स्टॉप बाथ ही क्रिया थांबवतो. उरलेले स्फटिक हायपो हे रसायन विरघळवतं. त्याचा हा गुण शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच टिपला होता, छायाचित्रणाचा शोध जगजाहीर होण्याच्या २० वर्षं आधी.

डेव्हलपरसाठी सहसा २० अंश सेल्सिअस तापमान प्रमाण मानतात. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. अशा वेळी क्रिया वेगाने होऊन निगेटिव्ह गरजेपेक्षा दाट होते. म्हणून डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि थर्मामीटरने तापमान तपासावं.

रोल धुण्याच्या टाकीत भरताना मात्र पूर्ण काळोख हवा. सिनेमातला डार्करूमचा लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी असतो. आजच्या बहुतेक फिल्म लाल प्रकाशही टिपतात.