पेशी मरते, पण रीतसर

गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याचा हात वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. पुढच्या दोनेक आठवड्यांत बोटं सुटी होतात, ती मधल्या पेशी मरून. इतक्या पेशी जाऊनही तिथे ना सूज येते, ना पू होतो. इजा होऊन मरणारी पेशी फुटते, आतला ऐवज सांडतो आणि आसपास दाह सुरू होतो. इथे मात्र पेशी आक्रसते, तिचे पडदाबंद तुकडे होतात आणि इतर पेशी ते गिळून टाकतात. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली या मरणाचं वेगळेपण मांडलं आणि त्याला ‘अपॉप्टोसिस’ असं नाव दिलं.

हे घडवतं कोण, याचा माग लागला तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत. या उभयलिंगी कृमीच्या घडणीत, प्रजननपेशी सोडल्या तर, १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या ठरलेल्या १३१ मरतात. ‘सेड-३’ हे जनुक बिघडलं की त्या जगतात. १९९३ मध्ये रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने या जनुकाची अक्षरं वाचली, तेव्हा ते प्रथिनं तोडणाऱ्या एका मानवी विकराशी जुळलं. माणसात अशा विकरांचं मोठं कुटुंब आहे. त्यांना कॅस्पेज म्हणतात.

कॅस्पेज दिसेल ते तोडत सुटत नाही. कॅस्पेज-३ ला अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, व्हॅलिन आणि पुन्हा अ‍ॅस्पार्टिक आम्ल असा क्रम विशेष मानवतो. शेवटच्या अ‍ॅस्पार्टिक आम्लानंतर ते साखळी तोडतं. डीएनए कापणारं एक विकर पेशीत कायम असतं, पण एका प्रथिनाने त्याला जखडून ठेवलेलं असतं. कॅस्पेज-३ फक्त ते बंधन तोडतं. सुटलेलं विकर डीएनएचे तुकडे करतं, आणि जेलवर ते सुमारे १८०, ३६०, ५४० बेस-जोड्या अशा पटींत वेगवेगळे पट्टे होऊन उतरतात.

एवढं घातक विकर पेशी जन्मभर बाळगते, ते निष्क्रिय रूपात. श्वसनात राबणारं सायटोक्रोम-सी तंतुकणिकेतून बाहेर पडलं की ‘अ‍ॅपॅफ-१’चे सात रेणू एकत्र येऊन चक्र बनवतात. त्यावर कॅस्पेज-९ जागं होतं आणि ते कॅस्पेज-३ ला जागं करतं. मारेकरी टी-पेशी मात्र बाहेरून ग्रॅन्झाइम-बी आत सोडतात. ते वेगळ्या घराण्यातलं, तरी तेही अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशीच तोडतं. कॅल्शियम वाढलं की कॅल्पेन आणि लयकारिका फुटली की कॅथेप्सिन ही विकरंही पेशीच्या मरणात उतरतात. कॅस्पेज-१ चा मार्ग उलटा आहे. जंतुसंसर्गात ते गॅसडर्मिन-डी तोडतं, त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात आणि पेशी मुद्दाम फुटते, कारण तिथे दाह हवाच असतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते कॅस्पेज-८. पेशीपृष्ठावरून आलेला मृत्यूचा संदेश तेच पुढे नेतं. ते काढून टाकलं तर पेशी जास्त जगाव्यात. पण अशा उंदरांचे गर्भ पोटातच दगावतात. उलगडा २०११ मध्ये झाला. ‘रिपके-३’ हे प्रथिनही सोबत काढलं, तर उंदीर जन्मतात आणि वाढतात. म्हणजे मरणाचं काम करणारं हे विकर एरवी दुसऱ्या, पेशी फोडणाऱ्या मरणाला रोखून धरत होतं. विकरांची ‘मारणारी’ आणि ‘तारणारी’ अशी सरळ वाटणी करता येत नाही, हे इथे कळतं.

उपचारातही हे ज्ञान उतरलं आहे. मूळपेशी प्रत्यारोपणानंतर दात्याच्या टी-पेशी कधीकधी रुग्णाच्याच त्वचेवर आणि यकृतावर उठतात. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अशा टी-पेशींत कॅस्पेज-९ चं बदललेलं रूप आधीच घालून ठेवलं. एक विशिष्ट औषध दिलं की त्याचे रेणू जोडले जातात आणि जागे होतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्रास सुरू झालेल्या चार रुग्णांना औषधाची एकच मात्रा दिल्यावर अर्ध्या तासात या पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या आणि त्रास आटोक्यात आला.