इंटरनेटवरचा बाजार – लेखांक ११ : आधी जुने अंक, मग सबस्क्राइब

गेल्या दोन लेखांकांत आपण गुगलच्या शोधात आपलं दुकान वर कसं येतं आणि जाहिरातीवर पहिले पैसे कधी खर्चावेत, हे पाहिलं. आता प्रश्न असा की शिकलेलं ताजं कसं ठेवायचं? या धंद्यातले नियम बदलताना कुणी आपल्याला विचारत नाही. १ जुलै २०२३ रोजी गुगलने जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स थांबवलं आणि वेबसाइटवर कोण कुठून आलं हे मोजण्यासाठी सगळ्यांना जीए-४ म्हणजे गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ वर जावं लागलं. नव्याची मोजण्याची पद्धतच निराळी होती. ज्यांनी नुकताच महागडा क्लास करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलं होतं, त्यांच्या वहीतली निम्मी पानं रातोरात निकालात निघाली. छापील पुस्तकांचं तर विचारूच नका.

म्हणून या कामातली जाणती माणसं ईमेलवर येणारी न्यूजलेटरं वाचतात. यूट्यूब का नको, असं कुणी विचारेल. व्हिडिओ जरूर बघा. पण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेली एखादी युक्ती नेमकी हवी असते, तेव्हा मेलबॉक्सात एक शब्द टाकला की ती समोर येते. व्हिडिओत ती कितव्या मिनिटाला होती, हे शोधत बसावं लागतं.

बहुतेक न्यूजलेटरं फुकट असतात, आणि खरी गोम इथेच आहे. फुकट लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हा वाचकाचा पहिला प्रश्न असायला हवा. कुणी सल्लागार असतो. त्याचं लिखाण वाचून एखादा मोठा ग्राहक दार ठोठावेल, या आशेवर तो लिहितो. कुणी सॉफ्टवेअर विकतो. हबस्पॉट या सॉफ्टवेअर कंपनीने २०२१ मध्ये ‘द हसल’ हे लोकप्रिय न्यूजलेटर ते काढणाऱ्या कंपनीसकट विकत घेतलं, ते काही वाचनाच्या प्रेमापोटी नव्हे; त्या वाचकांतूनच उद्याचे ग्राहक निघणार होते. कुणी प्रायोजकांच्या जाहिराती घेतो. यातलं काहीही वाईट नाही. फक्त कुठे मीठमसाला जास्त पडणार आहे, ते आपल्याला आधी कळतं. ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी ‘तुम्हाला अजून ईमेलची गरज नाही’ असं कधीच लिहिणार नाही.

एक जात मात्र मी सरळ बाजूला ठेवायला सांगेन. ऑनलाइन लाखो कसे कमवायचे हे शिकवून लाखो कमावणारी मंडळी. त्यांच्या कमाईचे स्क्रीनशॉट खरे असतीलही, पण ती कमाई कोर्स विकून झालेली असते. तुम्हाला पैठण्या विकायच्या आहेत, घरगुती मसाले विकायचे आहेत किंवा मालवणातल्या होमस्टेच्या खोल्या भरायच्या आहेत. त्यांनी यातलं काहीच विकलेलं नसतं.

कमाईचा स्रोत कळला, तरी लिहिणारा विश्वासाचा आहे का हे कसं ओळखायचं? सबस्क्राइब करा म्हणणारं पान वाचून नक्कीच नाही. तिथे सगळ्यांनीच ‘हजारो व्यावसायिकांचा विश्वास’ मिळवलेला असतो. त्याऐवजी त्यांचे जुने अंक उघडा. चांगल्या न्यूजलेटरांचे जुने अंक वेबसाइटवर सहसा कुणालाही वाचता येतात. ते नसतील, तर तेवढ्यावरूनही थोडं कळतं. मग आपल्याला माहीत असलेल्या एखाद्या घटनेच्या आसपासचे अंक काढा आणि त्या वेळी या माणसाने काय लिहिलं होतं ते बघा.

सप्टेंबर २०२१ घ्या. अ‍ॅपलने आयफोनच्या आयओएस १५ बरोबर मेलमध्ये खासगीपणा जपणारी एक सोय दिली. मेल किती जणांनी उघडला हे मोजण्यासाठी मेलमध्ये एक न दिसणारं बारीक चित्र घातलेलं असतं. ते लोड झालं की पाठवणाऱ्याला कळतं. अ‍ॅपलने असं केलं की ही सोय सुरू केलेल्यांच्या मेलमधली चित्रं आधीच आपोआप लोड व्हायची, मग माणसाने मेल वाचो वा न वाचो. त्या दिवसापासून ‘ओपन रेट’ हा आकडा फुगला आणि भरवशाचा राहिला नाही. आता तुमच्या न्यूजलेटरचा लेखक २०२२ नंतरही ‘या सब्जेक्ट लाइनमुळे आमचा ओपन रेट कसा वाढला’ असंच शिकवत असेल, तर त्याचं बाकीचं शिकवणंही जरा जपूनच घ्या. लिंकवर किती जणांनी क्लिक केलं, उलट उत्तर किती जणांनी लिहिलं, माल किती खपला, हे सांगणारा असेल तर त्याच्यापाशी थांबा.

दुसरी कसोटी २०२१च्याच सुरुवातीची. क्लबहाउस नावाच्या, फक्त बोलण्या-ऐकण्याच्या अ‍ॅपची तेव्हा जोरदार हवा होती. आमंत्रणाशिवाय आत शिरता येत नव्हतं. तिथे नसाल तर तुमचा ब्रँड संपला, असा सूर तेव्हा बऱ्याच ठिकाणी लागला होता. वर्षभरात हवा ओसरली. भाकीत चुकणं हा गुन्हा नाही. पण पुढच्या एखाद्या अंकात लेखकाने मागे वळून ‘तेव्हा मी असं म्हटलं होतं, ते का फसलं’ हे लिहिलं आहे का? ज्याने लिहिलंय, तो शिकवू शकतो. बाकीचे दर महिन्याला नव्या अ‍ॅपची आरती ओवाळत राहतात.

आता काही नावं. सगळी इंग्रजीतली आहेत, त्याला इलाज नाही. मार्केटिंगवर लिहिणारे सेथ गॉडिन रोज लिहितात, आणि बरेचदा चार-सहा ओळीच. त्यात युक्त्या नसतात, विचार करायची पद्धत असते, त्यामुळे नवख्याला पहिल्या महिन्यात ‘यात शिकण्यासारखं काय?’ असं वाटणं शक्य आहे. अ‍ॅन हँडली यांचं ‘टोटल अ‍ॅनार्की’ पंधरा दिवसांनी, रविवारी येतं. ते एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रासारखं असतं आणि ज्यांना मालाचं वर्णन लिहिताना घाम फुटतो, त्यांनी ते वाचावंच. हॅरी ड्राय यांचं ‘मार्केटिंग एक्झाम्पल्स’ एकेक खरी जाहिरात किंवा वेबपान घेऊन ते का चाललं हे चित्रासह दाखवतं; इंग्रजी बेताचं असणाऱ्यालाही ते जमेल. अलेडा सोलिस यांचं ‘एसइओफोमो’ गुगल शोधाच्या कामात मुरलेल्यांसाठी आहे. तुमची वेबसाइट अजून चार पानांची असेल तर ते सध्या राहू द्या.

तीन पुरेत. त्याहून जास्त घेतली की एकही वाचलं जात नाही आणि न वाचलेल्यांचा आकडा बघून अपराधी वाटायला लागतं.

न्यूजलेटरातला मजकूर हा शिकण्याचा एक भाग झाला. तुमच्याकडे येणारा मेल ही स्वतःच एक चालू मोहीम असते आणि ती आतून बघायची संधी फुकटात मिळते, याकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. नाव नोंदवल्यावर पहिला मेल किती वेळाने आला? त्यात आधी काही दिलं की आधी मागितलं? विकायची पहिली गोष्ट कितव्या मेलमध्ये आली? अ‍ॅन हँडली नव्या वाचकाला पहिल्याच मेलमध्ये, तुम्ही इथे का आलात, असं विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. आपल्या ग्राहकाला असं विचारायला काही खर्च येत नाही, तरी किती दुकानदार विचारतात?

हे निरीक्षण सोपं करणारी जीमेलची एक सोय आहे. तुमच्या पत्त्यात @ या चिन्हाआधी + आणि कुठलाही शब्द जोडला, तरी मेल तुमच्याकडेच येतो. प्रत्येक न्यूजलेटरला वेगळा शब्द द्या, फिल्टर लावून त्या मेलना वेगळं लेबल द्या. इनबॉक्स मोकळा राहतो. शिवाय त्या खास पत्त्यावर उद्या भलत्याच कंपनीचा मेल आला, तर पत्ता कुणी पुढे सरकवला हेही समजतं.

एखादं न्यूजलेटर सोडूनही बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांवर एका क्लिकमध्ये बाहेर पडू देण्याची सक्ती केली आहे, आणि वाचकांच्या स्पॅम-तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. तरीही कुणी बाहेर पडणाऱ्याला चार प्रश्नांत अडवत असेल, तर त्याच्याकडून ग्राहक सांभाळणं शिकायचं नाही.

हे सगळं आपल्याकडे लावताना थोडं भान हवं. अमेरिकी लेखक नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडेची तयारी शिकवतात; हापूसवाल्याचा हंगाम तोवर कधीच संपलेला असतो. आणि आपल्या गिऱ्हाइकाचं बरंचसं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. तारखा आणि माध्यम सोडून द्या, पण परवानगीचं तत्त्व घ्या. मे १९७८ मध्ये डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता जाहिरातीचा मेल पाठवला आणि तक्रारींचा पाऊस पडला. १९९९ मध्ये गॉडिन यांनी ‘परमिशन मार्केटिंग’ हे पुस्तक लिहून उलट बाजू मांडली : ज्याने हो म्हटलंय, त्यालाच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये हे तत्त्व आपोआप आलेलं आहे. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यालाच तो मेसेज पोचतो. एकेका यादीत २५६ जण. सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर गोळा करणाऱ्यांचे मेसेज पोचत का नाहीत, याचं उत्तर बहुधा यातच आहे.

पुढच्या लेखांकात आपण आपल्या ग्राहकांना पाठवायचं पहिलं पत्र लिहायला घेऊ. तोवर एक काम करून ठेवा. शेवटच्या दहा गिऱ्हाइकांना फोन करा आणि तुम्ही काही लिहून पाठवलेलं त्यांना चालेल का, चाललं तर मेलवर की व्हॉट्सअ‍ॅपवर, हे विचारून त्यांच्या नावापुढे टिपून घ्या.