‘एचार’ : एका स्पॅनिश क्रियापदाचें भाषांतर



शाळेंत मुलें विचारीत, “गुरुजी, या शब्दाचा अर्थ काय?” मी उलट विचारीत असें, “तो कोणत्या वाक्यांत आला आहे?” सेवानिवृत्तीनंतर कोशाच्या आधारानें मी स्पॅनिश शिकूं लागलों, तेव्हां माझाच प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला.

त्या भाषेंत ‘एचार’ हें एक क्रियापद आहे. तें लॅटिन ‘याक्तारे’पासून आलें. मूळ अर्थ फेकणें, टाकणें. इंग्रजी कोशांत पहिलाच प्रतिशब्द दिसतो ‘थ्रो’. पण तेवढ्यानें काम भागत नाहीं. रश्श्यांत मीठ घालावयाचें तर स्पॅनिश गृहिणी ‘एचार’च म्हणते; इंग्रजींत तेथें ‘ॲड’ हवें. मदत करतांना स्पॅनिश मनुष्य हात ‘टाकतो’, इंग्रज तो उसना देतो, आणि आपण हातभार लावतों. दुपारची झोंप तो ‘टाकतो’, इंग्रज ‘घेतो’, आपण डुलकी काढतों. ‘एचार आ कोर्रेर’ म्हणजे एकदम पळत सुटणें. येथें टाकणें लोपून केवळ आरंभ उरला. म्हणून इंग्रजींत ‘ब्रेक इंटु अ रन’ म्हणावें लागतें.

आतां सर्वांत नाजूक प्रयोग पाहूं. परदेशीं गेलेल्या मुलाला आई लिहिते, ‘ते एचो दे मेनोस.’ कोश हातीं धरून शब्दशः अर्थ लावला तर ‘मी तुला उण्यांत टाकतें’ असें कांहीं तरी विपरीत निघेल, आणि आईची माया पत्रांतच राहील. योग्य इंग्रजी आहे ‘आय मिस यू’. येथें ‘एचार’ मुळांत टाकण्याचें नव्हेच, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पोर्तुगीज ‘अशार’ म्हणजे आढळणें. त्या भाषेंतील ‘उणें आढळणें’ हा प्रयोग स्पॅनिशमध्यें शिरला, आणि उच्चारसाम्यामुळें ‘अशार’च्या जागीं ओळखीचें ‘एचार’ येऊन बसलें. गोमंतकांत पोर्तुगीज शिकलेल्या वडीलधाऱ्यांस हें चटकन् पटेल.

इंग्रजी ‘मिस’ची वाट निराळी. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणें. त्यांतूनच विरहाचा अर्थ आला. आणि आपली मराठी? ती दोन्ही वाटांनीं जाते. मुलगा परगांवीं गेला म्हणजे आईला त्याची उणीव भासते, आणि घरांत चुकल्याचुकल्यासारखेंहि वाटतें!

म्हणून विद्यार्थ्यांनो, कोश अवश्य उघडा; परंतु त्यापूर्वीं तें वाक्य कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगीं बोलत आहे, हें पाहा. भाषांतर शब्दाचें नसतें, बोलण्याचें असतें.